पूर्वी घर होतं का?

नोकरीतल्या गोड आठवणी लिहा, म्हणून संपादकांचा फोन आला. मी म्हटलं, दिवाळीला आमच्याकडे फोव, म्हणजे पोहे, गोडाचे करतात तसे तिखटाचेही करतात, आणि मला तिखटाचेच जमतात. ते हसले. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. आता मजकूर हातात पडल्यावर त्यांना कळेलच.

मी मूळची पेडण्याची, लग्न करून डिचोलीत आले. तिथल्या एका सहकारी संस्थेत गृहकर्जाच्या टेबलावर केस पांढरे होईपर्यंत बसले. टेबलावरची बाई तिखट आहे अशी माझी ख्याती होती. लोक आधी शिपायाला विचारायचे, आज मॅडमचा मूड कसा आहे? शिपाई सांगायचा, नेहमीसारखाच, जा तुम्ही देवाचं नाव घेऊन.

ज्यांनी कधी कर्ज काढलं नाही त्यांच्यासाठी आधी धंदा समजावून सांगते. घराची पूर्ण किंमत कुठलीच बँक देत नाही. पहिला घास तुमचा, मग उरलेलं ताट बँकेचं. त्या पहिल्या रकमेला आम्ही मार्जिन म्हणतो. आता गंमत बघा. महिन्याचा हप्ता भरायची ताकद साध्या माणसातही असते. भाडं भरतोच की तो! पण ही सुरुवातीची एकरकमी थप्पी त्याच्याकडे नसते, आणि भाडं भरता भरता ती साठतही नाही. म्हणून जन्मभर तो दुसऱ्याच्या घराचे हप्ते भरतो आणि स्वतःच्या दारात कधी उभा राहत नाही.

यावर उपाय म्हणून संस्थेत एक योजना आली. पहिलं घर घेणाऱ्याला मार्जिनची रक्कम बिनव्याजी द्यायची. तो त्या घरात ठरलेली वर्षं स्वतः राहिला तर ती माफच करायची. मला विचाराल तर माझ्या नोकरीत आलेली ही सर्वांत चांगली योजना. ज्यानं ती योजली त्याचं भलं होवो. पण ज्यानं तिच्या अटी लिहिल्या तो कधी गोव्यात येऊन गेला असेल तर तो समुद्रकिनाऱ्यावरच बसून गेला असणार. अट अशी होती, की अर्जदाराच्या किंवा त्याच्या जोडीदाराच्या नावावर पूर्वी कधीही घर किंवा घराचा हिस्सा असता कामा नये. संगणकात एकच प्रश्न, पूर्वी घर होतं का? हो किंवा नाही.

अहो, गोव्यात कुणाच्या नावावर घराचा हिस्सा नसतो? आजोबांनी बांधलेलं घर, वारस गावभर आणि अर्धे मुंबईत, वाटण्या कधी झालेल्या नाहीत. राहायला एक कोपरा मिळणार नाही, पण कागदावर सगळे मालक. त्यात आमचा पोर्तुगीज काळापासूनचा कायदा. लग्न झालं की नवऱ्याचं निम्मं बायकोचं, बायकोचं निम्मं नवऱ्याचं. वडिलार्जित असो की कमावलेलं असो. बाहेरचे लोक हे ऐकून म्हणतात, वा, काय पुढारलेला कायदा! मीही पूर्वी असंच म्हणायचे.

पेडण्याचा एक मुलगा आला होता. मोपाच्या विमानतळावर नोकरी, लग्न ठरलेलं, फ्लॅटसाठी अर्ज. संगणक म्हणाला, अपात्र. झालं होतं असं, की आमच्याकडे लग्नाची नोंदणी आधी होते. दोघं निबंधकाकडे जातात आणि सह्या करून येतात. लग्न मग सवडीनं, हॉल मिळेल तेव्हा. लोकांच्या लेखी ते अजून नवरा-नवरी, कायद्याच्या लेखी नवरा-बायको. सह्या झाल्या आणि त्याच महिन्यात मुलीच्या वडिलांच्या नावावरचा एका जुन्या घरातला हिस्सा मुलांच्या नावावर चढला. मुलगी हिस्सेदार, म्हणजे हाही हिस्सेदार.

"मॅडम, अजून अक्षता पडायच्यात हो! सासऱ्यांच्या घरी मी चहाशिवाय काही घेतलेलं नाही!" तो जवळजवळ रडकुंडीला आला होता.

"चहा घेतलास ना? तेवढ्यावर मालक झालास." मी म्हटलं. हसत म्हटलं, पण आतून जळत होते. त्याची मदत नामंजूर झाली. त्यानं आईच्या पाटल्या गहाण टाकल्या आणि घर घेतलं. आता रस्त्यात भेटला की मला मालकीणबाई म्हणून हाक मारतो. पोरगा गुणी आहे म्हणून हसतो, दुसरा असता तर दगड मारला असता.

आता ही दुसरी केस ऐका. त्याच सुमाराला एका भाटकाराचा मुलगा आला. भाटकार म्हणजे आमच्याकडचा जमीनदार. पोफळीची कुळागरं, भाड्यानं दिलेली दुकानं, राहायला एवढं मोठं घर की पाहुणा आत हरवावा. गाडीची किल्ली बोटात फिरवत म्हणाला, "मॅडम, माझ्या नावावर काहीच नाही." आणि खरं सांगत होता! सगळं आईच्या नावावर. हा अविवाहित. संगणकानं विचारलं, पूर्वी घर होतं का? उत्तर, नाही. मदत मंजूर. पेढे घेऊन आला. मी घेतला नाही, तर म्हणाला, मधुमेह का?

वर्षभरानं मी नियमाप्रमाणे पाहणीला गेले. पर्वरीतल्या त्याच्या फ्लॅटचं दार एका अर्ध्या चड्डीतल्या अनोळखी गृहस्थानं उघडलं. पुण्याहून सुट्टीला आला होता, मोबाईलवरून बुकिंग करून. मला म्हणाला, टॉवेल बदलायला आलात का? मी म्हटलं, टॉवेल नाही, माणसं बदलायला आलेय. ऑफिसात येऊन अहवाल लिहिला. आमचे व्यवस्थापक म्हणाले, कागदपत्रं पूर्ण आहेत, राहायला येईल तो, तुम्ही कशाला वाईट होताय? तो अहवाल कपाटात गेला तो गेलाच.

आणि मग सुलक्षा आली. खरं तर हा सगळा लेख तिच्यासाठीच लिहितेय.

सुलक्षा डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला होती. नवरा खाणीवर टिपर चालवायचा. खाणी बंद पडल्या, टिपर गेला, मागोमाग काविळीनं तोही गेला. मुलगी बारावीत. दोघी एका खोलीत भाड्यानं राहत होत्या, आणि खोलीच्या मालकानं सांगून टाकलं होतं, गणेशचवथीनंतर खोली रिकामी कर, मला ती कारखान्याच्या कामगारांना डोक्यामागे भाड्यानं द्यायची आहे. गावाबाहेरच्या एका बिल्डरकडे छोटासा फ्लॅट होता, एक खोली आणि स्वयंपाकघर. त्याला सुलक्षानं कारखान्याच्या भिशीतून बयाणा दिला होता. हप्ता तिला सहज झेपणार होता. अडलं होतं ते मार्जिनवर. मदत मिळाली तर घर, नाही तर बयाणा बुडून रस्त्यावर. तिनं कर्ज कुठंकुठं विचारलं नव्हतं? सगळीकडे एकच उत्तर, पहिली रक्कम आणा.

संगणक म्हणाला, अपात्र. अर्जदारानं पूर्वी घर विकलेलं आहे.

"सुलक्षा, तू घर विकलंस?"

"होय मॅडम. मोरजेचा. आमी सगळ्यांनी सह्यो केल्यो." तिनं काही लपवलं नाही. लपवण्यासारखं तिला त्यात काही वाटतच नव्हतं.

मोरजीला तिच्या सासऱ्यांचं जुनं घर होतं, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. थोरल्या दिरानं, म्हणजे भाऊनं, ते बाहेरच्या पार्टीला विकायचं ठरवलं. आमच्या कायद्यानं विक्रीला सगळ्या भावांच्या सह्या लागतात आणि सगळ्यांच्या बायकांच्याही. भाऊनं जीप सांगितली, दोघे भाऊ बायकांसकट पेडण्याला गेले, सह्या झाल्या, मग हॉटेलात माशाची ताटं. सुलक्षाला एक साडी. धाकट्या भावाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, भाऊ म्हणाला, तुझा वाटा माझ्याकडे राहू दे, तुझ्या हातात पैसा टिकत नाही. थोरल्या भावाकडे हिशेब कोण मागतो? मग नवरा गेला, आणि वाट्याचं नाव काढायला कुणी उरलं नाही. भाऊनं त्या पैशात मोरजीतच पर्यटकांसाठी खोल्या काढल्या.

"मॅडम, जा माझा कधी नव्हताच, ता मी विकलंय कसा?" सुलक्षानं विचारलं.

मी फाईल घेऊन व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये गेले. चांगला तासभर भांडले. भाटकाराच्या पोराचं उदाहरण दिलं. ते म्हणाले, मॅडम, भावनेवर संस्था चालत नाही. मी म्हटलं, मग कशावर चालते, सुट्टीतल्या भाड्यावर? शेवटी माझी कटकट टाळायला त्यांनी फाईलवर शेरा मारला. विक्रीतल्या दुसऱ्या एखाद्या सहविक्रेत्यानं नोटरीसमोर लिहून द्यावं, की या बाईला त्यातून काहीही मिळालं नाही. मग विचार करू. त्यांना माहीत होतं, असं कुणी लिहून देत नसतं.

रविवारी मी सुलक्षाला घेऊन मोरजीला गेले. अहो, नोकरीत हे बसत नव्हतं, ठाऊक आहे मला. पण डोकं इतकं तापलं होतं की घरी बसून भाजी निवडणं शक्यच नव्हतं.

भाऊचं घर रस्त्यालगत. मागं खोल्यांची रांग, दारांवर रशियन अक्षरांतल्या पाट्या, दोरीवर वाळत घातलेले टॉवेल. भाऊ बल्कांवात बसला होता. बल्कांव म्हणजे दारापुढचा बाकांचा ओटा. माणूस वागायला मोठा गोड. सुलक्षाला "ये गो बाये" म्हणाला, पोरीच्या अभ्यासाची चौकशी केली. त्याची बायको, शालनवहिनी, चहा आणि पाव ठेवून दाराशी उभी राहिली. सडपातळ बाई, हातात सतत फडकं.

मी सरळ विषयाला हात घातला. पैसे मागायला आलेलो नाही, म्हटलं. कोर्टकचेरी नको. फक्त एवढं लिहून द्या, की सुलक्षाला त्या विक्रीतून काही मिळालं नाही. तेवढ्यावर तिला घर मिळतं.

भाऊचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्याच हातान माझी बदनामी लिवन दिवू? गावात माझा तोंड काय रवतला?"

"भाऊजी, माका घर गावतला," सुलक्षा म्हणाली. "दुसरा कायच नको."

"साडी दिली नाय तुका? जेवणाक नेलंय नाय? आणि 'काय गावला नाय' म्हणान कशी सांगतंस?"

माझ्या तोंडावर शिवी आली होती. सुलक्षा मात्र खाली बघत राहिली. साडी मिळाली हे खरंच होतं ना! खोटं लिहून मागायला आलो की काय, असा भाव होता तिच्या तोंडावर. ते बघून मला जो संताप आला तो आजही तसाच येतो. माणसं लुटली जातात ती जातात, वर त्यांनाच लाज वाटते.

"नसेल द्यायचं तर तसं सांगा," मी उठलेच. "पण गोड बोलू नका."

तेव्हा दारातून आवाज आला. "बाय, सही तेंचीच व्हयी काय?"

शालनवहिनी बोलत होती. "थंय मी पण सही केलंय. ह्यांच्या बाजूक बसान. माझा नाव आसा मां त्या कागदार?"

मी थबकले. सहविक्रेता! अहो, तीही सहविक्रेतीच होती! शेऱ्यात "एखाद्या" म्हटलं होतं. आणि मी, कायदा तोंडपाठ असलेली, रोज लोकांना तो शिकवणारी, तिथवर येईपर्यंत एका भाऊचाच विचार करत होते. सुलक्षाही. दोघी बायका आणि दोघींच्याही डोक्यात सही म्हणजे पुरुषाची. बायकांच्या सह्या आमच्याकडे नेहमी नुसत्या सोबतीला असतात.

"चालते," मी म्हटलं. "तुमची सही पूर्ण चालते."

"शालन, तू भितर जा," भाऊ म्हणाला. आवाज वाढवला नाही त्यानं.

"भितरच आसंय इतकी वर्सां," वहिनी म्हणाली, आणि खरंच आत गेली. भाऊनं आमच्याकडे विजयानं पाहिलं. तर ही बाई साडी बदलून, पर्स काखेत मारून परत बाहेर! सुलक्षाचा हात धरला आणि पायऱ्या उतरली. भाऊ मागून काहीतरी म्हणाला. कुणी थांबलं नाही.

पेडण्यातला एक नोटरी माझ्या ओळखीचा होता, रविवारी घरी सापडला. त्यानं मजकूर केला, चष्मा सारखा केला आणि वहिनीला विचारलं, "तुमच्या मालकांची संमती आहे ना याला?"

"घर विकताना हिची सही घेतली तेव्हा हिची संमती कुणी विचारली होती?" मी ओरडले. शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. नोटरीनं मुकाट्यानं शिक्का काढला. वहिनीनं सावकाश, अक्षर अक्षर लावत सही केली.

सोमवारी तो कागद मी व्यवस्थापकांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी उलटून पाहिला, पालटून पाहिला. म्हणाले, हा घरातल्या बाईचा आहे, मुख्य माणसाचा नाही. मी म्हटलं, विक्रीच्या कागदात मुख्य माणूस असा रकाना दाखवा, मी आत्ता राजीनामा देते. भाटकाराच्या पोराचा अहवाल कपाटातून काढून त्याच कागदाच्या बाजूला ठेवला आणि संस्थेच्या कर्जसमितीत दोन्ही एकत्र वाचू म्हटलं. समितीपर्यंत गोष्ट गेलीच नाही. सुलक्षाची मदत मंजूर झाली. पोराची मात्र परत घेतली नाही, तो आजही टॉवेल बदलायला माणूस ठेवून आहे. संस्थेच्या वार्षिक अहवालात सुलक्षाचा चावी घेतानाचा फोटो छापून आला. बाजूला आमचे व्यवस्थापक, हसरे. खाली लिहिलं होतं, सर्वसामान्यांच्या स्वप्नांना संस्थेचा हात. तो अहवाल मी केळीची सालं टाकायला वापरला.

सुलक्षानं चवथीच्या आधी घरभरणी केली. छोटासा कार्यक्रम. कारखान्यातल्या मैत्रिणी, मुलीच्या दोन वर्गमैत्रिणी, मी. खतखतं आणि वडे होते. मुलगी सगळ्यांना न्हाणीघरातला नळ सोडून दाखवत होती. मीही दोनदा पाहिला तो नळ.

शालनवहिनी एकटीच आली, दोन बस बदलून. भाऊ आला नव्हता, येणारही नव्हता. तिनं कुंकवाचा करंडा आणला होता. एकमेकींच्या गळ्यात पडून दोघी रडल्या, मग डोळे पुसून वहिनीनं सगळं घर बघितलं. बघायला होतं किती? पण तिनं वेळ घेतला. स्वयंपाकघराच्या कट्ट्यावरून हात फिरवला. खिडकी उघडून बघितली, मिटून बघितली. मग दाराशी गेली आणि आतून कडी लावली. काढली. परत लावली.

मी निघाले तेव्हा ती माझ्याबरोबर जिन्यापर्यंत आली.

"बाय, एक इचारू?" इकडंतिकडं बघून ती हळू म्हणाली. "त्या दिसापासून तेंनी माझ्याकडे उलवप सोडल्यानी. जेवतत, पण एक सबद बोलनत नाय. पोरां परदेशात. माका ही अशी मदत गावतली? इतक्याच घराक. ह्याच्यापरस ल्हान पण चलतला. मी खोलयो झाडून पैशे कमवतंय, हप्तो भरीन."

मी टेबलावर अनेकांना नाही म्हटलं आहे. जीभ कधी अडखळली नव्हती.

"वहिनी, तुम्ही त्यात बसत नाही," मी म्हटलं. "एक तर तुम्ही मोरजीचं ते घर विकलंय. त्याचा पैसा तुमच्याच घरात आलाय, त्यामुळे सुलक्षासारखं काही मिळालं नाही असं कुणाला लिहून देता येणार नाही. आणि दुसरं, आता राहता ते घरही कायद्यानं अर्धं तुमचं आहे."

तिनं माझ्याकडे बघितलं. तिला ते पटेना.

"अर्धा माझा? त्या खोलयांसकट?"

"हो. अर्धं तुमचं, अर्धं भाऊंचं. तसा कायदाच आहे."

"खयचा अर्धा, बाय?" शालनवहिनी म्हणाली. "खयचा अर्धा ता सांगा माका. मी आजच जावन थंय आतसून कडी लावन निजतंय."